पाडव्यापासून रथसप्तमीपर्यंत: सूर्यनमस्कार, श्वास आणि जप यांची एकच सकाळ

व्यायाम आणि साधना यांना दिवसातले दोन वेगळे तास दिले की महिनाभरात त्यातला एक हमखास सुटतो. सुटतो तो बहुधा साधनेचा, कारण पोट आत गेलेले आरशात दिसते, मन स्थिर झालेले दिसत नाही. उलटही घडते. तासभर पोथी वाचणाऱ्या, तीन माळा ओढणाऱ्या माणसाला पन्नाशीत जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. या दोन्हींवर उपाय एकच आहे: दोन्ही गोष्टी एकाच आसनावर, एकामागून एक आणि एकाच श्वासाच्या लयीत करायच्या.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार आणि त्रयोदशाक्षरी रामनामाचा जप असे तप केल्याचे परंपरा सांगते. गावोगावी तालमीच्या दारात मारुती उभा असतो, तोही याच विचारातून. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले आणि नमस्कार बीजमंत्रांसह (ह्रां, ह्रीं अशा एकाक्षरी मंत्रांसह) घालावेत असा आग्रह धरला. मंत्राचा आग्रह त्यांनी का धरला असेल, हे नमस्कार घालू लागल्यावर आपोआप कळते. मंत्र म्हणायला थांबावे लागते, थांबले की श्वास जुळतो, आणि श्वास जुळला की नमस्कार घाईने उरकता येत नाही.

पुढचा क्रम दिवाळीच्या पाडव्याला सुरू करून माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, पूर्ण करण्याच्या हिशेबाने मांडला आहे. मधले दिवस साधारण ९५, म्हणजे साडेतेरा आठवडे होतात. नवी सवय अंगात मुरायला एवढा काळ पुरतो, हवाही थंड असते. बाकी सुरुवात कुठल्याही दिवशी करता येईल, आठवड्यांचा हिशेब तोच राहतो.

आधी कोणी थांबावे

नमस्कारात डोके हृदयाच्या खाली जाते, पाठ पुढे-मागे वाकते आणि मनगटांवर शरीराचा भार येतो. त्यामुळे आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार, हर्निया, मणक्याची सरकलेली चकती, चक्कर येण्याचा त्रास किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात हा क्रम नव्याने सुरू करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नमस्कार घालण्यापूर्वी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलावे. घाम फुटून हात थरथरू लागले तर ती तपश्चर्या नव्हे, साखर उतरल्याची ती खूण आहे.

वेळ आणि जागा

ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटे आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटे टिकतो. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या थोडा पुढे उगवतो, म्हणजे हा मुहूर्त साडेपाचच्या सुमारास येतो. जूनमध्ये तोच सव्वाचारच्या आसपास जातो. रात्री बाराला झोपणाऱ्याने सव्वाचारचा गजर लावला तर चौथ्या दिवशी जपात डुलक्या लागतात, चिडचिड वाढते, आणि दोष मात्र साधनेच्या माथी मारला जातो. म्हणून आधी झोपेचे सात तास मोजा आणि त्यावरून उठण्याची वेळ ठरवा. साडेदहाला झोपून साडेपाचला उठणारा माणूस बाराला झोपून चारला उठणाऱ्यापेक्षा पुढे जातो. हिवाळ्यात लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो, तिथल्या मराठी घरांनी सूर्याची वाट न पाहता घड्याळ धरावे आणि पूर्वेकडे तोंड करावे, एवढे पुरे.

पोट रिकामे हवे. उठल्यावर अर्धा ते एक पेला कोमट पाणी प्या, शौच उरका. चहा नंतर. भरपेट जेवणानंतर चार तास नमस्कार घालू नयेत. सतरंजी गुळगुळीत फरशीवर सरकते आणि तळहात निसटला तर खांदा दुखावतो, त्यामुळे न सरकणारी योगाची चटई किंवा जाड घोंगडी घ्या. उगवत्या सूर्याकडे तोंड करा, पण टक लावून पाहू नका. सूर्याकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व भरपूर मिळते, ही समजूतही चुकीची आहे. ते ज्या किरणांमुळे तयार होते, ते किरण सूर्य क्षितिजालगत असताना फार थोडे पोहोचतात.

फोन दुसऱ्या खोलीत असावा. या एका गोष्टीला पर्याय नाही. गजरासाठी साधे घड्याळ आणा, कारण गजर बंद करायला हातात घेतलेला फोन निरोप दाखवतो आणि तिथेच दहा मिनिटे जातात.

४२ मिनिटांची मांडणी

संकल्प आणि ध्यानश्लोक (सूर्याचे ध्यान करणारा श्लोक) ३ मिनिटे, सांधे मोकळे करणे ४, बारा नमस्कार १०, बैठका आणि ओढण्याचा व्यायाम ५, शवासन ३, प्राणायाम ५, जप आणि मौन १२. एकूण ४२.

हा क्रम उलटा करू नका. रात्रभर आखडलेल्या कंबरेने आणि मांड्यांनी थेट जपाला बसले की पाच मिनिटांत गुडघा बोलू लागतो आणि लक्ष नामाऐवजी गुडघ्यात जाते. नमस्कारांनी मांडीचे सांधे सैल होतात, अंग किंचित थकते, आणि थकलेले अंग चुळबूळ कमी करते. मधले शवासन वगळू नका. नाडी धडधडत असताना श्वास मोजायला घेतला तर तो छातीतच अडकतो.

संकल्प साधा ठेवा. उभे राहून हात जोडा आणि मनात एकच वाक्य म्हणा: आज एवढे नमस्कार आणि एक माळ, अमुक देवाला अर्पण. कुलदैवत, इष्टदेव किंवा ज्या सद्गुणाची आस आहे तो, काहीही चालेल. आकडा उच्चारल्याने मधेच वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा मोह आवरतो.

मोकळे होण्यासाठी मान डावी-उजवीकडे पाच वेळा वळवा (गोल फिरवू नका), खांदे पाच वेळा मागे फिरवा, मनगटे आणि घोटे दहा-दहा वेळा फिरवा, आणि शेवटी कंबरेवर हात ठेवून पाच अर्ध्या बैठका काढा.

नमस्काराच्या दहा स्थिती

शाळाशाळांत नावे आणि श्वासाचे नियम थोडे बदलतात. एक पद्धत धरावी आणि वर्षभर सोडू नये. इथे दिली आहे ती महाराष्ट्रात सर्वाधिक शिकवली जाणारी दहा अंकांची पद्धत. आरंभी पाय जुळवून, हात छातीशी जोडून उभे राहा, एक संथ श्वास घ्या आणि सोडा, मग मंत्र म्हणा.

१. ऊर्ध्वहस्तासन, पूरक (श्वास आत घेणे). हात कानांशेजारून वर, बोटे आकाशाकडे. मागे वाकताना बाक छातीत यावा, कंबरेत नव्हे. त्यासाठी नितंब आवळून धरा.

२. उत्तानासन, रेचक (श्वास बाहेर सोडणे). कंबरेतून पुढे वाकून हात पावलांच्या दोन्ही बाजूंना. तळवे टेकत नसतील तर गुडघे वाकवा. गुडघे ताठ ठेवून पाठीला कुबड आणण्यापेक्षा हे शंभरदा बरे.

३. एकपादप्रसरणासन, पूरक. उजवा पाय मागे, गुडघा आणि चवडा टेकलेला. डावा गुडघा पुढे, नडगी शक्य तितकी उभी, नजर समोर.

४. चतुरंगदंडासन, रेचक. डावा पायही मागे, हात सरळ. टाचा, नितंब आणि डोके एका रेषेत.

५. साष्टांग, श्वास बाहेरच थांबलेला. कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे, दोन चवडे अशी आठ अंगे जमिनीला लागतात. पोट आणि नितंब वरच राहतात. कोपरे बरगड्यांना चिकटलेली ठेवा.

६. ऊर्ध्वमुख श्वानासन, पूरक. छाती पुढे सरकवत वर घ्या, खांदे कानांपासून खाली. कंबरेत कळ आली तर कोपरे वाकलेलीच ठेवा आणि बेंबी जमिनीवर राहू द्या.

७. अधोमुख श्वानासन, रेचक. नितंब वर, डोके दोन्ही हातांमध्ये सैल. टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही, पाठ सरळ होणे जास्त महत्त्वाचे.

८. पुन्हा एकपादप्रसरणासन, पूरक. तिसऱ्या स्थितीत मागे गेलेला पाय आताही मागेच राहतो, दुसरा पुढे येतो.

९. उत्तानासन, रेचक.

१०. नमस्कारासन. पूरक करत वर या, हात छातीशी, मग श्वास सहज सोडा.

पुढच्या नमस्कारात डावा पाय मागे न्या. बारा ही सम संख्या असल्याने दोन्ही बाजूंना सारखा भार मिळतो. प्रत्येक स्थितीला साडेतीन सेकंद आणि मंत्राला, सावरायला दहा सेकंद धरले तर एका नमस्काराला पाऊण मिनिट लागते. बारा नमस्कार सहा मिनिटांत संपत असतील तर तुम्ही शरीर हलवत आहात, श्वास मागे राहिला आहे.

मंत्र असे: ॐ ह्रां मित्राय नमः, ॐ ह्रीं रवये नमः, ॐ ह्रूं सूर्याय नमः, ॐ ह्रैं भानवे नमः, ॐ ह्रौं खगाय नमः, ॐ ह्रः पूष्णे नमः. पुढच्या सहा नावांना हीच सहा बीजे त्याच क्रमाने लागतात: हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय. 'ह्रां'चा दीर्घ आकार छातीत घुमू द्या, अनुस्वार ओठ मिटून लांबवा. मोठ्याने मंत्र म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि नाडी थोडी खाली येते. धाप लागल्यामुळे मंत्र तुटक येत असेल तर पुढचा नमस्कार घालू नका. ही कसोटी कुठल्याही मनगटी यंत्रापेक्षा भरवशाची आहे. मंत्र म्हणायचा नसेल तर त्या जागी दोन संथ श्वास घ्या, पण ती जागा मोकळी सोडू नका. दोन नमस्कारांमधल्या या थांब्यातच साधना आहे.

काय बिघडते आणि का

कंबर दुखणे ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. तिचे मूळ बहुतेक वेळा सहाव्या स्थितीत असते. पोट सैल सोडून हातांच्या जोरावर वर उठले की सगळा बाक कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत येतो. चौथ्या स्थितीत बेंबी आत ओढून धरायची सवय लावा, तीच पकड सहाव्यात टिकवा. तरीही दुखले तर पंधरा दिवस सहावी स्थिती फक्त छाती वीतभर उचलण्यापुरती करा.

मनगटे दुखतात ती तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर सगळा भार टाकल्याने. बोटे पसरा, अंगठा आणि तर्जनी यांच्या मुळाशी जमीन दाबा. पंच्याची घडी त्याच भागाखाली ठेवली की मनगटाचा कोन कमी होतो आणि बहुतेकांना आठवड्यात आराम पडतो. तिसऱ्या स्थितीत मागचा गुडघा टेकताना टोचत असेल तर चटई दुहेरी करा.

नवव्या-दहाव्या स्थितीत डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण खाली वाकलेले शरीर झटक्यात उभे राहते आणि रक्तदाब क्षणभर घसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त होते. उठताना पूर्ण पूरकाइतका वेळ घ्या, नजर शेवटी वर आणा.

आणि आकड्याचा हव्यास. सुरुवातीचे दोन आठवडे अंग हलके वाटते, माणूस चारावरून चाळीसावर उडी मारतो. स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत सरावतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात. खांद्याची आणि कोपराची दुखणी त्या मधल्या काळात येतात. एकदा खांदा धरला की दोन-तीन महिने नमस्कार बंद, आणि त्यासोबत सकाळची घडीही मोडते.

नमस्कारात जे नाही ते

सूर्यनमस्कार हा सर्वांगसुंदर व्यायाम आहे असे आपण म्हणतो, पण त्यात एक उणीव आहे. त्यात ढकलणे आहे, ओढणे जवळजवळ नाही. नुसते नमस्कार घालणाऱ्यांची छाती आणि दंड बळकट होतात, पाठीचा वरचा भाग मागे पडतो. जपाला बसल्यावर खांदे पुढे गळतात त्याचे हेही एक कारण आहे. जुन्या तालमीत दोर आणि मल्लखांब होते, त्यामुळे तिथे ही उणीव भरून निघत असे. घरी पाण्याने अर्धी भरलेली दहा लिटरची बादली पुरते. एक हात खाटेवर टेका, पाठ सरळ ठेवून पुढे वाका, दुसऱ्या हाताने बादली बरगडीपर्यंत ओढा. प्रत्येक हाताने दहा वेळा. तीन आठवड्यांनी बादली पूर्ण भरा, म्हणजे साधारण दहा किलो होते.

त्यानंतर पंधरा बैठका. पारंपरिक बैठकीत टाचा उचलतात आणि गुडघ्यांवर भार येतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी टाचा टेकवून, खुर्चीला नितंब स्पर्श करेपर्यंतच खाली जावे. आठवड्यातून तीन दिवस हे दोन्ही पुरे आहे. उरलेल्या दिवशी ती पाच मिनिटे जपाला द्या.

शवासन आणि श्वास

पाठीवर पडा, पायांत हातभर अंतर, तळवे वर. तीन मिनिटे. डोळा लागत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे एवढे समजा आणि झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे आणा.

मग बसायचे. इथे एक छोटी गोष्ट सगळे बदलते: नितंब गुडघ्यांपेक्षा वर हवेत. पाटावर चादरीची घडी ठेवून ८-१० सेंटिमीटर उंची मिळाली की कणा फारसा जोर न लावता उभा राहतो. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ टेकू नका, पावले जमिनीवर सपाट ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

अनुलोम-विलोमासाठी उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट दुमडा. अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटा, डावीने चार मोजत श्वास घ्या. अनामिकेने डावी मिटा, उजवीने आठ मोजत सोडा. मग उजवीने चार घ्या, डावीने आठ सोडा. हे एक आवर्तन २४ सेकंदांचे, पाच मिनिटांत बारा होतात. आठला श्वास अपुरा पडत असेल तर तीन आणि सहा ठेवा. नाकपुडीवर बोट हलके टेकवा, नाक पिळू नका. पहिले सहा आठवडे यात कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, करू नका. श्वास रोखून छाती भरून आली की मन शांत होण्याऐवजी घाबरते. सर्दीने नाक बंद असेल त्या दिवशी नुसता भ्रामरीचा गुंजारव (ओठ मिटून श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज) पाच वेळा करा.

कपालभाती हल्ली सगळेच सुचवतात. या क्रमात ती मुद्दाम ठेवलेली नाही. पोटाचे झटके नमस्कारांनंतरच्या शांततेला उलट दिशेने नेतात, आणि रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी ती टाळायलाच हवी.

जप

एकच नाम घ्या आणि ते बदलू नका. 'ॐ नमः शिवाय' संथपणे म्हटल्यास एक माळ चार मिनिटांत होते, 'श्रीराम जय राम जय जय राम' या नामाला सहा-सात मिनिटे लागतात. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्या, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. माळ नसेल तर चार बोटांची बारा पेरी नऊ वेळा मोजली की १०८ होतात.

मोठ्याने, ओठांत, मनात असे जपाचे तीन प्रकार. मानसजप श्रेष्ठ म्हणून नवशिके तिथूनच सुरुवात करतात, आणि दोन मिनिटांत बाजारहाट, पगार, कालचे भांडण सुरू होते. पहिला महिना माळ पूर्ण ऐकू येईल अशी म्हणा. दुसऱ्या महिन्यात अर्धी मोठ्याने, अर्धी ओठ हलवत. मनातला जप त्यानंतर. मन भरकटल्याचे लक्षात आले तर आहे त्या मण्यापासून पुढे चला. माळ पहिल्यापासून सुरू करण्याची शिक्षा स्वतःला दिली की जपाची धास्ती बसते, आणि धास्तीची गोष्ट माणूस टाळू लागतो.

माळ संपल्यावर उरलेली मिनिटे काहीच करू नका. बसून राहा. प्रकाश दिसला, कंप जाणवला, काही दिसले नाही, सगळ्याला सारखेच जाऊ द्या. अनुभवांची वाट पाहणारा माणूस रोज निराश होऊन उठतो.

संध्याकाळ

सकाळच्या नमस्कारांनी दम वाढतो, पण आठवड्याचा हिशेब पूर्ण होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. दहा मिनिटांचे नमस्कार सहा दिवस म्हणजे ६० मिनिटे. आठवड्यात पाच संध्याकाळी वीस मिनिटे झपाझप चालले की १६० होतात. वेग मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास ठेवा. वारकऱ्यांची रीत इथे नेमकी उपयोगी पडते: चालताना 'राम कृष्ण हरी' पावलांवर घ्या. नाम सहज म्हणता येते पण सुरात अभंग गायला दम पुरत नाही, एवढा वेग म्हणजे मध्यम श्रम. नामही निवांत गाता येत असेल तर पाय उचला.

रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली खऱ्या शंभर पावलांत मिनिटभरात संपते. ती दहा मिनिटे करा. जेवणानंतर लगेच चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, आणि भरल्या पोटी सोफ्यावर फोन घेऊन पसरण्याची वेळही टळते. झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा: किती नमस्कार, जप झाला का, आणि आज राग आल्यावर तो किती वेळ टिकला. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. आध्यात्मिक वाढ मोजायला याहून प्रामाणिक माप घरात सापडत नाही. दोन महिन्यांनी मागची पाने चाळा. नमस्कार वाढले आहेत आणि घरच्यांवरचे ओरडणेही वाढले आहे असे दिसले तर नमस्कार कमी करून झोप आणि मौन वाढवा.

खाणे आणि उपास

नमस्कारांनंतर अर्ध्या तासाने न्याहारी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ ग्रॅम असतात. नुसत्या पोह्यांनी आणि पातळ वरणाने हा आकडा गाठला जात नाही. मटकीची उसळ, पिठले, दही, शेंगदाण्याची चटणी, चालत असेल त्यांनी अंडी-मासे, हे रोजच्या ताटात यायला हवे.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्ली तर उपास होत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरी, राजगिरा, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि फळे एवढ्यावर दिवस काढा. त्या दिवशी नमस्कार सहा आणि माळा दोन करा. निर्जळी उपासाला नमस्कार नकोत.

पडत्या दिवसांसाठी

लग्नघर, प्रवास, आजारी मूल, उशिरापर्यंत चाललेले काम. अशा दिवसांसाठी किमान मात्रा आधीच ठरवून ठेवा: तीन नमस्कार आणि बारा नामे, चार मिनिटांत. रेल्वेच्या डब्यात नमस्कार शक्य नसतील तर बाकावर ताठ बसून बारा दीर्घ श्वास आणि बारा नामे. काल राहिलेले आज भरून काढू नका. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर नमस्कार पूर्ण बंद, फक्त नाम. ताप उतरल्यावर दोन दिवस थांबून निम्म्या संख्येने सुरुवात करा. पाळीच्या दिवसांत शरीराला विचारून ठरवा. नमस्कार नको वाटले तर चालणे आणि श्वास पुरतात, जप थांबवण्याचे शारीरिक कारण काही नाही.

साठीपुढच्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि तिच्या बैठकीवर हात टेकून नमस्कार घालावेत. चौथी, पाचवी आणि सातवी स्थिती तिरकी होते, मनगटांवरचा भार कमी होतो आणि डोके हृदयाच्या फार खाली जात नाही.

आठवड्यांचा हिशेब

पहिल्या आठवड्यात चार नमस्कार, मंत्राशिवाय, फक्त स्थिती आणि श्वास बसवायला. सोबत पाच मिनिटे जप. दुसऱ्या आठवड्यात तेवढेच, मंत्रासह. तिसऱ्या-चौथ्यात आठ नमस्कार, आणि अनुलोम-विलोम सुरू. पाचव्यापासून बारा नमस्कार आणि पूर्ण माळ. इथे तीन आठवडे थांबा, काहीही वाढवू नका. आठव्यापासून रोज बाराच, पण रविवारी जास्त: आठव्या आणि नवव्या रविवारी २४, दहाव्याला ३६, अकराव्याला ४८, बाराव्याला ६०. तेराव्या रविवारी पुन्हा बाराच, अंगाला विसावा म्हणून.

रथसप्तमीला ठिकठिकाणी १०८ नमस्कारांचे संकल्प होतात. बाराव्या रविवारचे ६० धाप न लागता, मंत्र न तुटता झाले असतील तरच १०८ घ्या. नसतील तर ३६ घाला आणि १०८ नामांची माळ करा, संकल्प तेवढाच पक्का राहतो. १०८ ची मांडणी बारा-बाराच्या नऊ फेऱ्यांत करा, प्रत्येक फेरीत बारा नावे पूर्ण होतात. दोन फेऱ्यांमध्ये एक ते दीड मिनिट उभ्याने थांबा, तिसऱ्या आणि सहाव्या फेरीनंतर दोन घोट पाणी प्या. साऱ्याला दीड तासाच्या वर वेळ लागतो. समूहात घालत असाल तर मागच्या ओळीत उभे राहा, म्हणजे पुढच्यांचा वेग तुम्हाला ओढणार नाही आणि मागचा कोणी ढकलणार नाही. छातीत दाब, डाव्या हातात कळ, अंधारी किंवा थंड घाम यांतले काहीही जाणवले तर आकडा तिथेच सोडून बसा आणि शेजाऱ्याला सांगा. सगळे झाल्यावर शवासन सात मिनिटे, त्या दिवशी बैठका आणि बादली नको.

दुसऱ्या दिवशी मांड्या आणि दंड दुखतील. अंथरुणात पडून न राहता सहा नमस्कार अगदी संथ घाला, प्रत्येकाला मिनिटभर द्या, आणि माळ नेहमीएवढीच करा. दुखणे दोन-तीन दिवसांत जाते, त्यानंतर पुन्हा रोजचे बारा.